इंटरनेटचे दप्तर सांभाळणारे जॉन पोस्टेल

गांधीबागेतल्या दवाबाजारात सकाळी शटर वर गेले की पहिले काम असते ते आदल्या रात्रीच्या ऑर्डरी पाहण्याचे. पूर्वी त्या चिठ्ठीवर किंवा फोनवर यायच्या. आता बऱ्याचशा ऑर्डरी, बिले आणि कंपन्यांची पत्रे ई-मेलने येतात. समजा, इथल्या एका ठोक विक्रेत्याने दुकानाच्या नावाने घेतलेली वेबसाइट नव्या कंपनीकडे हलवली. वेबसाइट झकास उघडू लागली, पण त्याच दिवसापासून मेल येणे थांबले. भंडारा-गोंदियाच्या चिल्लर दुकानदारांनी पाठवलेल्या ऑर्डरी त्यांच्याकडेच परत जाऊ लागल्या. काहींचा तर पत्ताच लागेना. त्यात एखादी इन्सुलिनची ऑर्डर असली, तर खोळंबा फक्त धंद्याचा राहत नाही. इंटरनेट सुरू आहे, संगणक ठीक आहे, पासवर्ड बरोबर आहे. मग बिघाड कुठे?

अशा वेळी बिघाड बहुधा यंत्रात नसतो, एका नोंदवहीत असतो. शेत विकत घेतले, पैसे दिले, ताबाही मिळाला. पण तलाठ्याच्या दप्तरात फेरफार झाला नाही, तर सातबारावर जुनेच नाव राहते आणि सरकारी कागद जुन्याच मालकाच्या दारी जातो. इंटरनेटवरच्या नावांचेही असेच दप्तर असते. कोणत्या नावाची टपाल कोणत्या संगणकाकडे द्यायची, हे त्यात लिहिलेले असते. वेबसाइट हलवताना ती एक ओळ नव्या वहीत उतरवायची राहिली, की टपाल भरकटते.

या दप्तराची शिस्त ज्यांनी घातली आणि जवळजवळ तीस वर्षे ज्यांनी त्याची राखण केली, ते जॉन पोस्टेल १६ ऑक्टोबर १९९८ रोजी गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५५ वर्षांचे होते. संगणकाच्या जगात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. रोज मेल पाठवणाऱ्या सामान्य माणसाला मात्र ते फारसे ठाऊक नसते, जरी त्याचा प्रत्येक मेल पोस्टेल यांनी लिहिलेल्या नियमांच्या आधारे जात असला तरी.

विद्यार्थ्यांच्या टिपणांचा संपादक

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, ऑल्टाडीना या गावी झाला. लॉस एंजलिसजवळच्या ज्या व्हॅन नाईस शाळेत ते शिकले, त्याच शाळेतून व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही पुढे आले. इंटरनेटच्या इतिहासात ही तिन्ही नावे महत्त्वाची आहेत. पोस्टेल यांनी लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९६६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी, १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९७४ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट घेतली.

ते विद्यार्थी असतानाच त्यांच्या विद्यापीठात एक मोठी घटना घडत होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून दूरदूरचे संगणक एकमेकांना जोडण्याचा प्रयोग सुरू झाला होता. त्याचे नाव आर्पानेट. प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत १९६९ च्या उन्हाळ्याअखेरीस त्या जाळ्याचे पहिले यंत्र बसले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी तेथून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला संदेश गेला. दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. संदेश न पोहोचण्याचा इतिहास इंटरनेटच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे तो असा.

या जाळ्याचे नियम ठरवण्याचे काम मुख्यतः पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर पडले. आपण कोण मोठे नियम सांगणारे, या संकोचापोटी क्रॉकर यांनी टिपणांना साधे नाव दिले : ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, थोडक्यात आरएफसी. अर्थ एवढाच, की हे आमचे म्हणणे आहे, सूचना कळवाव्यात. पहिले टिपण एप्रिल १९६९ चे. या टिपणांना क्रमांक देणे, ती तपासणे, भाषा नीट करणे, विरोधाभास काढून टाकणे आणि ती सर्वांना उपलब्ध करणे हे काम पोस्टेल यांच्याकडे आले, आणि ते त्यांच्याकडेच राहिले, मृत्यूपर्यंत. दोनशेहून अधिक टिपणांवर लेखक किंवा सहलेखक म्हणून त्यांचे नाव आहे. ज्यांवर नाव नाही, अशा शेकडो टिपणांवरून त्यांचा हात फिरलेला आहे.

१९७२ : दोन देश, एकच अडचण

जाळ्यात संगणक वाढू लागले तशी एक क्षुल्लक वाटणारी अडचण उभी राहिली. एकाच संगणकावर वेगवेगळी कामे चालतात. मेल कोणत्या दाराने घ्यायचा, फाइल कोणत्या दाराने, हे क्रमांकाने ठरते. प्रत्येकाने आपापल्या मर्जीने क्रमांक लावले, तर कोणाचा कोणाशी मेळ बसणार नाही. मे १९७२ मधल्या एका छोट्या टिपणात पोस्टेल यांनी सुचवले, की हे क्रमांक वाटून देणारा कोणीतरी एकच असावा. तो आपण व्हावे का, असा प्रश्नही त्यांनी त्यातच विचारून टाकला. कोणाची हरकत नव्हती. अशा किचकट कामासाठी रांग लागलेली नव्हतीच.

योगायोग असा, की त्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात पिनकोड सुरू झाला. सारख्या नावांची गावे, वेगवेगळ्या लिपींतले पत्ते आणि चुकीची स्पेलिंग यांनी हैराण झालेल्या टपाल खात्याला सहा अंकांची ही वाट दाखवली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. ते केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते, आणि संस्कृतमधले कवीही. पिनकोडचा पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल वाटणारे कार्यालय. ४४० पाहिले की पत्र नागपूरचे, हे अक्षर न वाचताही कळते. वेलणकर आणि पोस्टेल दोन वेगळ्या जगांतले होते. दोघांचे काम मात्र एकच होते : नावांच्या गोंधळातून टपाल योग्य दारी जाईल अशी नोंद ठेवणे.

मेलची भाषा

पोस्टेल यांनी शिक्षणानंतर दोन-तीन संस्थांत काम केले आणि १९७७ मध्ये ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत आले. समुद्राकाठच्या मरीना डेल रे येथील हे कार्यालय त्यांचे शेवटपर्यंतचे ठिकाण. लांब दाढी, पायांत सँडल, डोंगर चढण्याची आवड आणि कमी बोलणे, असे त्यांचे रूप सहकाऱ्यांच्या लक्षात राहिले. जॉयस रेनॉल्ड्स या सहकारी त्यांच्यासोबत वर्षानुवर्षे ही यादी सांभाळत होत्या.

१९८० ते १९८२ ही वर्षे इंटरनेटच्या पायाभरणीची होती. जाळ्याच्या मूळ नियमांची टिपणे पोस्टेल यांच्या संपादनाखाली सप्टेंबर १९८१ मध्ये बाहेर पडली. त्या नियमांच्या निमित्ताने त्यांनी एक धोरण मांडले, ते पुढे त्यांच्याच नावाने ओळखले गेले : आपण पाठवताना नियम काटेकोर पाळावा, दुसऱ्याकडून घेताना मात्र थोडे सांभाळून घ्यावे. वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली यंत्रे एकमेकांशी बोलू शकली, त्यात या समजूतदारपणाचा मोठा वाटा आहे.

ऑगस्ट १९८२ मध्ये त्यांनी एसएमटीपी हा मेल पोहोचवण्याचा नियम लिहिला. ॲटच्या चिन्हाचा पत्ता रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्येच रुळवला होता. पोस्टेल यांनी ठरवले ते दोन सर्व्हरमधले बोलणे. पाठवणारा आधी आपली ओळख सांगतो, मग पाठवणाऱ्याचा पत्ता, मग घेणाऱ्याचा पत्ता, मग मजकूर, आणि शेवटी निरोप घेतो. प्रत्येक पायरीवर समोरून तीन अंकी उत्तर येते. पहिला अंक २ असेल तर काम झाले. ४ असेल तर आत्ता जमत नाही, पुन्हा या. ५ असेल तर हे होणार नाही. पोस्टमनच्या शेऱ्यांसारखेच हे आहे. ‘घर बंद’ असा शेरा असेल तर तो उद्या पुन्हा येतो. ‘या नावाचा इसम येथे राहत नाही’ असा असेल तर पत्र परत जाते. आज मेल परत येतो तेव्हा त्यात ५५० सारखा जो आकडा दिसतो, त्याची भाषा या ४० वर्षांपूर्वीच्या टिपणातली आहे.

एका सर्व्हरने टपाल घ्यायची, थोडा वेळ ठेवायची आणि पुढच्याकडे सोपवायची, ही पद्धत नागपूरकरांना नवी नाही. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात जमत. थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत फिरत. थैलीवरची चिठ्ठी बरोबर असेल तरच ती योग्य विमानात चढणार, हे उघड होते. मेलच्या बाबतीत ही चिठ्ठी कोण पुरवणार, हा प्रश्न १९८२ मध्ये अजून नीट सुटलेला नव्हता.

एका यादीतून अनेक दप्तरे

तोवर जाळ्यातल्या साऱ्या संगणकांची नावे आणि क्रमांक एकाच फाइलमध्ये असत. ती स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. नवा संगणक आला की त्यांना कळवायचे; मग इतरांनी ती फाइल उतरवून घ्यायची. संगणक थोडे होते तोवर हे चालले. संख्या वाढली तशी यादी रोज जुनी पडू लागली. सगळ्या महाराष्ट्राचे सातबारे मंत्रालयातल्या एकाच कपाटात ठेवण्यासारखे ते होते.

पोस्टेल यांच्या टेबलावर यावर तोडग्याचे अनेक प्रस्ताव आले होते. त्यांतून मेळ घालण्याचे काम त्यांनी तरुण सहकारी पॉल मोकापेट्रिस यांच्याकडे दिले. मोकापेट्रिस यांनी मेळ घालण्याऐवजी नवीच व्यवस्था मांडली. नोव्हेंबर १९८३ मध्ये तिची टिपणे प्रसिद्ध झाली. तीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. नवी व्यवस्था सुचवणारा ज्युनिअर, आणि आपण मागितले ते हे नव्हे असे न म्हणता तिला वाट करून देणारा पोस्टेल यांच्यासारखा संपादक, दोघांमुळे ती उभी राहिली.

या व्यवस्थेत एक मोठी यादी नसते. पाकिटावरचा पत्ता टपाल खाते जसे खालून वर वाचते, आधी राज्य, मग शहर, मग गांधीबाग आणि मग गल्ली, तसे डोमेनचे नाव उजवीकडून डावीकडे वाचले जाते. सर्वांत वरच्या मूळ सर्व्हरला एवढेच ठाऊक असते, की ‘डॉट इन’चे दप्तर कोणाकडे आहे. ‘डॉट इन’चे दप्तर सांगते, की अमुक दुकानाच्या नावाची वही कोणत्या सर्व्हरवर आहे. त्या वहीत नोंदी करण्याचा अधिकार त्या दुकानदाराचा. मेलसाठी त्यात एमएक्स नावाची नोंद असते. ती १९८६ पासून रूढ झाली. या नावाची टपाल कोणत्या सर्व्हरने घ्यायची, आणि तो बंद असेल तर दुसरा कोणता, हे ती सांगते. थैलीवरची चिठ्ठी अखेर मिळाली होती.

ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी ‘डॉट कॉम’, ‘डॉट एज्यु’, ‘डॉट ऑर्ग’ अशी वरची नावे ठरवणारे टिपण काढले. देशांसाठी दोन अक्षरी नावे ठेवायची असे त्यात होते. त्यात एक राजकीय खड्डा होता. देश कोणाला म्हणायचे? पोस्टेल यांनी तो खड्डा शहाणपणाने टाळला. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची देशांच्या संक्षेपांची यादी आधीच होती. तीच घ्यायची, देश ठरवणे हे आपले काम नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि १९९४ च्या टिपणात ती स्पष्ट लिहिली. देशाच्या नावाचे दप्तर ज्याच्याकडे आहे तो मालक नाही, विश्वस्त आहे, हेही त्यांनी त्यात नमूद केले.

भारताचे ‘डॉट इन’ हे नाव मे १९८९ मध्ये नोंदले गेले. ते सांभाळण्याची जबाबदारी आली मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे. श्रीनिवासन रमणी हे तेव्हा या संस्थेचे प्रमुख होते. देशातल्या शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याच्या उभारणीत तिचा मोठा वाटा होता. सामान्य भारतीयाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी मिळाले. त्याआधी सहा वर्षे देशाच्या नावाचा उतारा मुंबईत तयार होता. २००५ पासून हे काम दुसऱ्या संस्थेकडे गेले, आणि २०१४ मध्ये देवनागरीतले ‘डॉट भारत’ही आले.

पैसा आला, भांडण आले

डोमेनची नावे सुरुवातीला फुकट मिळत. १९९५ मध्ये ‘डॉट कॉम’सारख्या नावांना वर्षाचे शुल्क लागू झाले आणि साध्या दप्तराला बाजारभाव आला. ते काम अमेरिकी सरकारच्या कराराने एका खासगी कंपनीकडे होते. क्रमांक आणि वरच्या नावांची मूळ यादी मात्र पोस्टेल यांच्या छोट्या कार्यालयाकडे होती. अंतिम अधिकार कोणाचा, यावरून कंपन्या, सरकार आणि अभियंते यांच्यात ओढाताण सुरू झाली.

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी जगभरच्या मूळ सर्व्हरपैकी आठांच्या चालकांना कळवले, की यापुढे मूळ यादी कंपनीच्या सर्व्हरवरून न घेता आपल्या कार्यालयाच्या सर्व्हरवरून घ्यावी. चालकांनी तसे केले. कोणाचा मेल अडला नाही, कोणाला काही जाणवलेही नाही. पण इंटरनेटचे मूळ दप्तर एका माणसाच्या शब्दावर हलू शकते, हे जगाला दिसले. अमेरिकी सरकारने तत्काळ हरकत घेतली. पोस्टेल यांनी ही चाचणी असल्याचे सांगून सारे पूर्ववत केले.

या घटनेकडे कोणी बंड म्हणून पाहतात, कोणी इशारा म्हणून. पोस्टेल यांनी त्यानंतर काय केले, ते अधिक बोलके आहे. आपल्या हातातले काम एका स्वतंत्र, ना-नफा संस्थेकडे सोपवण्याच्या आराखड्यात ते गुंतले. ३० सप्टेंबर १९९८ रोजी आयकॅन ही संस्था कॅलिफोर्नियात नोंदवली गेली. तिच्या तांत्रिक बाजूची धुरा तेच घेणार होते.

हृदयाची झडप

ते होणे नव्हते. पोस्टेल यांच्या हृदयाची एक झडप गळत होती. ती बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होऊन लॉस एंजलिसमध्ये त्यांचा मृत्यू झाला. संस्था स्थापन होऊन तेव्हा अवघे सोळा दिवस झाले होते.

हृदयात चार झडपा असतात. रक्ताने पुढे जावे, मागे फिरू नये, एवढेच त्यांचे काम. झडप नीट मिटली नाही तर पुढे ढकललेले थोडे रक्त प्रत्येक ठोक्याला मागे येते. तेच रक्त पुन्हा ढकलताना हृदयावरचा भार वाढतो आणि त्याचा कप्पा हळूहळू मोठा होतो. हे वर्षानुवर्षे न जाणवता चालू शकते. नंतर चढताना धाप लागणे, लवकर थकणे, पायांवर सूज, आडवे झाल्यावर श्वास कोंडणे अशी लक्षणे दिसतात. आपल्याकडे लहानपणी झालेला संधिवाताचा ताप हे झडपा बिघडण्याचे एक मोठे कारण आहे. काहींत झडप जन्मतःच सदोष असते, तर काहींत ती वयाने झिजते. डॉक्टरांना स्टेथोस्कोपवर वेगळा आवाज ऐकू येतो आणि इकोकार्डिओग्राफीत गळती दिसते. झडप दुरुस्त करता येते किंवा बदलता येते, आणि शस्त्रक्रिया कधी करावी हे ठरवण्यात नियमित तपासणीचा मोठा हात असतो. त्यामुळे धाप लागणे वयावर किंवा वजनावर ढकलून देऊ नये.

पोस्टेल गेले त्या दिवशी इंटरनेट थांबले नाही. मेल जात राहिले, नावे सापडत राहिली. त्यांच्या मित्राने, व्हिंट सर्फ यांनी, त्यांचा मृत्युलेख त्याच आरएफसी मालिकेत लिहिला. त्याचा क्रमांक २४६८. ज्या दप्तराला त्यांनी क्रमांक दिले, त्याच दप्तरात त्यांची नोंद झाली.

राहिलेले काम

पोस्टेल यांच्या मेलच्या नियमात एक उणीव होती, आणि तिची चाहूल त्यांना आधीच लागली होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये, स्पॅम हा शब्द मेलशी जोडला जाण्याच्या कितीतरी आधी, त्यांनी नको असलेल्या टपालावर एक पानभर टिपण लिहिले होते. एखादा संगणक निरर्थक संदेशांचा मारा करू लागला तर त्याला नेमके नाकारण्याची सोय घेणाऱ्याकडे नाही, हे त्यांनी दाखवून दिले होते. तरीही १९८२ चा नियम विश्वासावर उभा राहिला. पाठवणाऱ्याने जो पत्ता सांगितला तो खरा मानायचा. जाळ्यात तेव्हा एकमेकांना ओळखणारे लोक होते. पुढे त्यात ठगही आले.

त्यावरचे उपाय त्यांच्या पश्चात आले. एसपीएफ २००६ मध्ये, डीकेआयएम २००७ मध्ये आणि डीमार्क २०१५ मध्ये आरएफसी म्हणून प्रसिद्ध झाले. विशेष म्हणजे तिन्हींनी मेलची जुनी भाषा बदलली नाही. त्यांनी आधार घेतला तो डोमेनच्या दप्तराचा. एसपीएफच्या नोंदीत लिहिलेले असते, की या नावाने मेल पाठवण्याची मुभा कोणत्या सर्व्हरना आहे. डीकेआयएममध्ये मेलवर सही असते आणि ती पडताळण्याची किल्ली दप्तरात ठेवलेली असते. दोन्हींत मेल नापास झाला तर त्याचे काय करायचे, हे डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी पाठवणाऱ्यांसाठी हे नियम कडक केले. तेव्हापासून नोंदी अपुऱ्या असलेल्या प्रामाणिक दुकानांचे मेलही स्पॅममध्ये पडू लागले किंवा परत येऊ लागले.

म्हणून गांधीबागेतल्या त्या दुकानाची दुरुस्तीही दप्तर उघडूनच करावी लागते. परत आलेला मेल पुसून न टाकता आधी वाचावा. ४ ने सुरू होणारा आकडा असेल तर सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५ असेल तर कारण शोधावे लागते. डोमेनची मुदत संपली नाही ना, हे पहिले पाहावे. मग नावाची वही सध्या कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे ते पाहावे, कारण जुन्या वहीत केलेल्या दुरुस्तीचा काही उपयोग नसतो. त्या वहीत एमएक्सची नोंद मेल पुरवणाऱ्या कंपनीने सांगितल्याप्रमाणेच हवी. तिथे सर्व्हरचे नाव लिहायचे असते, अंकी पत्ता नव्हे.

आपले मेल इतरांकडे पोहोचत नसतील तर एसपीएफ पाहावे. एका नावासाठी ही नोंद एकच असावी लागते. दोन लिहिल्या तर दोन्ही वाया जातात. बिले पाठवणारी किंवा जाहिरात पाठवणारी वेगळी सेवा असेल तर तिचेही नाव त्याच एका नोंदीत घालावे लागते, आणि ती तपासताना दहापेक्षा जास्त वेळा इतर नोंदींकडे जावे लागणार नाही, हे पाहावे लागते. डीकेआयएमची किल्ली लांबलचक असते. ती उतरवताना एक अक्षर जरी सुटले तरी सही पटत नाही. डीमार्क सुरू करताना आधी फक्त अहवाल मागवावेत, सारे जुळल्यावरच नाकारण्याचा हुकूम द्यावा.

दुरुस्ती केल्यावर ती लगेच सगळीकडे दिसत नाही. जगभरचे सर्व्हर जुना उतारा काही काळ खिशात ठेवून चालतात. तो किती काळ ठेवायचा, हेही त्या नोंदीतच लिहिलेले असते. म्हणून वेबसाइट किंवा मेल हलवायचे असेल तर ती मुदत एक-दोन दिवस आधी कमी करून ठेवणे आणि जुन्या वहीतल्या सगळ्या नोंदी कागदावर उतरवून घेणे शहाणपणाचे.

याहून मोठी काळजी घ्यायची ती दप्तर कोणाच्या हाती आहे याची. अनेक दुकानांची डोमेन कधीकाळी वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर असतात. तो मुलगा पुण्याला नोकरीला जातो, त्याचा नंबर बदलतो, आणि मुदत संपल्याची सूचना त्याच्या बंद पडलेल्या मेलवर जात राहते. पोस्टेल यांच्यासारख्या प्रामाणिक माणसाच्या हातीही सारे दप्तर एकट्याच्या भरवशावर असणे बरे नव्हे, हे जगाला १९९८ मध्ये कळले, आणि ते त्यांनी स्वतःही ओळखले होते. दुकानाचे डोमेन दुकानाच्या नावावर असावे, त्याचा पासवर्ड किमान दोघांकडे असावा आणि नूतनीकरणाची तारीख दुकानाच्या परवान्याच्या तारखेशेजारी लिहिलेली असावी. मग दवाबाजारात सकाळी शटर वर गेल्यावर गोंदियाची ऑर्डर आलेली असेल.